पायाखालची रेघ

हितेंद्रचं पोट फरशीवर चालायचं. दगडाच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या. फूटभर चौरस टाइल, दोन बाजूंना कड्या, दोन बाजूंना खुंट्या. एकीची खुंटी दुसरीच्या कडीत बसवायची, टाचेने दाबायचं, टक् झालं की काम संपलं. सिमेंट नको की गवंडी नको. बास्केटबॉलची कोर्टं, शाळांची मैदानं, श्रीमंतांच्या गच्च्या, सगळीकडे ती पोचली होती. परळला एका बंद गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली होती, तिथे बसून तो या टाइलचे साचे आखायचा. त्याच आवारात त्याचे वडील बदली कामगार होते, पण ऑफिसात हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

पूर्वीच्या टाइलमध्ये डाव्या-उजव्याची भानगड असायची. निम्मं कोर्ट झाल्यावर एखादी उलटी बसल्याचं कळायचं आणि कामगार कपाळाला हात लावून बसायचे. हितेंद्रने ती कटकट मुळापासून काढून टाकली. गिऱ्हाइकांपुढे तो हमखास म्हणायचा, "माझी टाइल कुठलीही कुठेही बसते. चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडायचं, की बायको सुचित्रा ते ऐकून हल्ली उघड जांभई द्यायची.

लालबागची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि चाळकऱ्यांना त्यात घरं मिळाली. पार्किंगच्या डोक्यावर मोठं मोकळं पोडियम. तिथली हिरवी फरशी हितेंद्रचीच. सोसायटीला त्याने कंपनीकडून सवलतीत मिळवून दिली. पोडियमच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या पंपाच्या खोलीपाशी, दोन बाकडी; एका अंगाला रस्त्यावरचा उड्डाणपूल. संध्याकाळी पाचला चाळीतल्या साऱ्या म्हाताऱ्या तिथे गजालीला, म्हणजे गप्पांना, जमायच्या. हितेंद्रच्या आईचा, जाईबाईंचा, सगळा जीव त्या बाकड्यांत. घरात चार भिंती आणि टीव्ही. माणसं तिथे.

आणि जाईबाईंना दिसत नव्हतं.

काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे गेलं ते परत येणार नाही, आणि उरलंय तेही जाईल. हे फक्त घरातल्या तिघांना ठाऊक होतं. चाळीत निभावलं, कारण तिथला प्रत्येक उंबरठा आणि प्रत्येक फुटकी फरशी त्यांच्या पायांना पाठ होती. टॉवरमध्ये सगळं एकसारखं गुळगुळीत. तरी त्यांनी घरच्यांना दटावून ठेवलं होतं, "खंय बोलायचा नाय. त्या शामरावाच्या आयेचे डोळे गेले, तर सगळी तिका बिचारी-बिचारी करत हाताक धरून फिरवूक लागली. माका कोणी हात धरलेलो चालाचो नाय."

ते खरंच होतं. जिन्यात, रस्त्यात, हितेंद्रने चुकून हात पुढे केला तरी त्या झिडकारायच्या. "मेल्या, मी काय पडतंय?"

मग हितेंद्रने एक युक्ती केली, आणि आयुष्यात इतकं मन लावून त्याने काही केलं नसेल. टाइलचा एक बाद झालेला साचा कारखान्यात पडून होता. त्यातल्या टाइलच्या वरच्या बाजूला उभे उंचवटे यायचे, त्यावर चेंडू भलतीकडेच उडायचा, म्हणून बाद. त्याने त्यातून थोड्या टाइल त्याच हिरव्या रंगात काढून घेतल्या आणि एका दुपारी, कुणी नसताना, लिफ्टच्या दारापासून बाकड्यांपर्यंत एक रांग बसवली. मधल्या कुंड्यांपाशी एक वळण. बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. अनवाणी पायाला मात्र स्वच्छ कळत होतं.

जाईबाई लिफ्टच्या दाराशी चपला काढून ठेवायच्या आणि झपाझप चालत जायच्या. पोडियमवर गणपतीचं छोटं देऊळ होतं, त्यामुळे लोकांना वाटायचं, म्हातारी भाविक आहे. पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्या हितेंद्रला काही बोलल्या नाहीत. फक्त रात्री त्याच्या पानात न विचारता तळलेल्या माशाची तुकडी जास्त वाढली. अंदाजाने वाढलेली, त्यामुळे निम्मी भातावर आणि निम्मी ताटाबाहेर. तो गुपचूप जेवला.

दीड वर्ष छान गेलं. मग गणपतीच्या आधी सोसायटीचा सेक्रेटरी विकास हितेंद्रकडे आला. हा विकास म्हणजे चोवीस तास उत्साहात असणारा माणूस. अशा माणसांची मला जरा भीतीच वाटते.

"हितू, टाइलखाली पाणी साचून डास झालेत रे. रविवारी पोरं घेऊन सगळ्या उचलतो, धुतो, परत लावतो. जमेल ना आम्हाला? का तुझा माणूस लागेल?"

आणि हितेंद्रच्या तोंडून सवयीने ते वाक्य निघून गेलं. "अरे, कुठलीही कुठेही बसते. चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही."

विकास खूश होऊन गेला. दार लागलं तेव्हा हितेंद्रला रांगेची आठवण झाली. त्याला हाक मारावी, असं मनात आलं. पण ती रांग तशीच ठेवा म्हटलं, तर का म्हणून विचारणार. आणि सांगितलं तर आईशी बेइमानी. रविवारी त्याला पुण्याला एका बास्केटबॉल कोर्टाच्या कामाला जायचं होतं. त्याने हिशेब केला: ही मंडळी दिवसभर रेंगाळणार, आपण चारपर्यंत येऊ आणि आपल्या हाताने रांग लावू. आईला मात्र आज जाऊ नकोस म्हणून सांगायचं राहून गेलं. एवढंच राहून गेलं.

विकासच्या माणसांनी दुपारीच काम उरकलं. शिवाय मन लावून उरकलं. धुताना त्यांना उंचवट्याच्या टाइल वेगळ्या दिसल्या. हे डिझाइन असणार, आणि ते असं एका रांगेत वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यांनी त्यांची मुलांच्या घसरगुंडीभोवती सुंदर चौकट केली. चौकटीची एक बाजू लिफ्टच्या दारालाच लागत होती. सगळ्यांनी कौतुक केलं. विकासने ग्रुपवर फोटोही टाकला, पण हितेंद्र तेव्हा गाडी चालवत होता.

एक्स्प्रेसवेवर घाटात गाड्या तुंबल्या. तो पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. लिफ्टचं दार उघडलं, आणि दाराशी आईच्या चपला होत्या.

जाईबाई घसरगुंडीला फेऱ्या मारत होत्या. मान ताठ, चाल झपाझप, पाय त्या चौकटीवरून जराही न ढळता. आणि त्यांच्या मागे एकमेकांचे शर्ट धरून सोसायटीची सारी पोरं, झुकझुक करत. आयांनी मोबाइल काढले होते. बाकड्यावरून कमलताई ओरडल्या, "जाईबाय, आज भारी रंगात आलीस गो!" सगळ्या हसल्या.

कोपरा आला की जाईबाई वळत होत्या. मूळ वाटेलाही एक वळण होतं ना. वळून पुढे जात होत्या, बाकडं आता येईल म्हणून हात किंचित पुढे करत होत्या, आणि तो पुन्हा खाली घेत होत्या. चेहरा हसरा ठेवला होता. तो हसरेपणा हितेंद्रला बघवला नाही.

आणि तरी तो जागचा हलला नाही. हे सांगायलाच हवं. हात धरावा तर गुपित फुटणार, न धरावा तर हे असं. एक अख्खी फेरी त्याच्यासमोरून गेली आणि आई त्याच्या इतक्या जवळून गेली, की तिचा श्वास ऐकू आला. ती दमली होती. मग तो पुढे झाला.

"आई, चल वर."

जाईबाईंनी त्याचं मनगट पकडलं. घट्ट, दोन्ही हातांनी. पोरं हसत हसत एकमेकांवर आदळून थांबली. बाकड्यावरचं हसणंही थांबलं, आणि त्या शांततेत रखमाकाकूंचा आवाज सगळ्या पोडियमवर ऐकू गेला, "अगो बाय, हिका दिसत नाय काय?"

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. कुणी शिरा आणला, कुणी आयुर्वेदिक वैद्याचा पत्ता. सगळे जाईबाईंशी मोठमोठ्याने बोलत, जणू त्यांचे कानच गेले होते. आणि जाताना दाराबाहेर हळू आवाजात, बिचारी. विकास तर रडायच्या बेतात होता. त्याने स्वतः गुडघ्यावर बसून हितेंद्रबरोबर रांग पूर्वीसारखी लावली आणि तिथे सूचनेची पाटी लावायचीही तयारी दाखवली. पाटीला हितेंद्रने नको म्हटलं.

रांग तयार होती. जाईबाई खाली जाईनात. संध्याकाळी पाचला खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या. एकोणिसाव्या मजल्यावर गजाली ऐकू येत नाहीत.

गणपती गेल्यावर एका संध्याकाळी हितेंद्र त्यांच्याजवळ बसला. "आई, मी स्वतः तपासलीय. डोळे मिटून चाललो. आता नाही चुकणार."

त्यांनी तोंड खिडकीकडून त्याच्याकडे वळवलं.

"माका कळत होतां रे," त्या म्हणाल्या. "पंप माझ्या पाठीमागे वाजत होतो. पुलावरच्या गाड्ये भलत्याच कानाक येत होत्ये. दुसऱ्या फेरीकच समाजला, मी चुकलंय म्हणान. बाजूक झालंय असतंय तर कमळीक हाक मारून गेलंय असतंय."

"मग का नाही झालीस?"

"म्हटलां, माझे कान म्हातारे. माझ्या झिलान घातलेली वाट हा, ती कशी चुकात?"

खाली दिवे लागले. सुचित्राने स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली, तसा तो उठला आणि कसलाही विचार न करता त्याने आईपुढे हात केला. स्पर्श होताच आई झिडकारणार, हे ओळखून तो कसनुसा झालाही.

जाईबाईंनी चाचपडत त्याचा हात धरला आणि उठून निमूट त्याच्यामागून चालू लागल्या.