काच खाली टेकेपर्यंत

काचेच्या त्या कारखान्यात भांडण मिटवायची एक रीत होती, आणि ती मुकादमानेच पाडलेली होती. दोघांचं बिनसलं की त्यांनी दाराएवढी काच मिळून गोदामातून कापायच्या टेबलापर्यंत न्यायची. एक पुढे, एक मागे, आणि चकार शब्द काढायचा नाही. काच टेबलावर टेकली की भांडण संपलं. मुकादम शपथेवर सांगायचा, की एकदा दोन हमाल असे भांडले की वरून जाणारे पक्षी वाट बदलून गेले. पण काच टेकली तेव्हा ते एकमेकांचे व्याही व्हायला निघाले होते, आणि पोरं अजून दोघांनाही व्हायची होती! यातलं खोटं वजा केलं तरी बरंच उरायचं. हातात काच असली की पुढच्याच्या पावलाला पाऊल जुळवावंच लागतं.

मुकादमाने स्वतः मात्र ती कधी उचलली नव्हती. आणि त्याच्या भांडणाचं घोंगडं वर्षभर भिजत पडलं होतं.

भांडण दाजींशी. दाजी म्हणजे अक्काचे, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि कारखान्यातले काच कापणारे. त्यांनी हिरकणीने रेघ ओढली की काच मुकाट्याने दुभंगायची. एकदा मुकादमाने त्यांच्या मापावर सहज आपला टेप लावला, आणि दाजी सगळ्यांदेखत कडाडले, "माझ्या मापावर टेप? पुन्हा या टेबलाकडे फिरकलास तर याद राख!"

मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो फिरकलाच नाही. मापं दाजींकडे कुणाच्या तरी तोंडी जाऊ लागली, तावदानं चुकीची निघू लागली. परवा तर टेबलावरून सुटलेल्या तुकड्याने एकाचं मनगट चिरलं. "हात चुकायला लागलाय त्यांचा," मुकादम चारचौघांत म्हणाला. घरी अक्का म्हणायची, "भावाची बाजू घ्यावी तर नवरा रुसतो, नवऱ्याची घ्यावी तर भाऊ. मी काय भिंतीशी बोलू?"

शेवटी मॅनेजरबाईंनी दोघांना उभं केलं. "रीत तुमचीच ना, मुकादम? उचला काच."

"मुकादम निवाडा करतो, बाई. भांडत नाही."

"मग वर्षभर काय, लाडात आलाय होय?"

सगळे खो खो हसले. काच उचलावी लागली.

वयाने मोठे म्हणून दाजी पुढे. गोदामाचा उंबरा त्यांनी सवयीने ओलांडला. पुढे वाटेत कुणीतरी खोका ठेवला होता, चांगला गुडघ्याएवढा. दाजी सरळ त्याच्यावर चालत निघाले.

"थांबा!" मुकादमाने काच मागे खेचली. "दाजी, खोका दिसत नाही?"

"बोलायचं नसतं," दाजी पुटपुटले. मग हळूच म्हणाले, "काचबिंदू. किल्लीच्या भोकातून पाहावं तेवढंच उरलंय. गेलेलं परत येत नाही म्हणे. जन्मभर काच कापली, तिनंच शेवटी डोळ्यात घर केलं."

"आणि मी लोकांत काय काय बोललो..."

"लांब राहावंस म्हणूनच तर भांडलो, वेड्या. जवळ आला असतास तर पहिल्या दिवशीच ओळखलं असतंस. भांडण होतं तोवर टेबल माझं होतं."

"अक्काला ठाऊक आहे?"

"तिला वाटतं, तुझ्याशी बोलत नाही म्हणून मला झोप नाही."

मुकादमाचा राग कधीच उतरला होता. आता तो राग परत यावा म्हणून मुकादम जिवाचं रान करायला तयार होता. रागावलेल्या मुकादमाला काही माहीत नसतं. या मुकादमाला माहीत होतं, आणि ते चिरलेलं मनगटही त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

टेबल जवळ आलं.

"ठेवू," दाजी म्हणाले. "हात भरून आले."

"दाजी, अजून एक फेरी मारू. आता मी पुढे."

काच मागे वळली. "एका फेरीत भागेना यांचं!" कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा पिकला. मुकादम मान न वळवता सांगत होता, "खोका उजवीकडे, दाजी. आता उंबरा. सावकाश." दाजी काचेमागून पाऊल टाकत होते.

दुसऱ्यांदा टेबलाशी आले तेव्हा दाजींनी आपली बाजू आधी टेकवली. खिशातून हिरकणी काढली, काचेवर ठेवली आणि बोटांनी मुकादमाकडे सरकवली.

"मिटलं का?" मॅनेजरबाईंनी लांबून विचारलं.

"मिटलं," मुकादम म्हणाला. एरवी एवढ्या एका शब्दाला त्याने संध्याकाळपर्यंत तिखटमीठ लावलं असतं.