बंद सायडिंगचं गेट

ज्या रुळांवरून गाडी जात नाही, त्या रुळांवरचं गेट मी राखत होते. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. या रस्त्याने जाणारा प्रत्येक ट्रकवाला हसून झालेला आहे, आणि त्यातल्या एकालाही मी फुकट सोडलेलं नाही.

आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाकडं आणि एक तिकीटखिडकी. सकाळी जंक्शनकडून गाडी येते, संध्याकाळी तीच परत जाते. स्टेशन सोडल्यावर मेन लाइन जिथे मोठं वळण घेते, तिथे तीन सायडिंग, म्हणजे मालगाड्यांचे बाजूचे रूळ, फुटतात. पहिली कौलांच्या कारखान्याला कोळसा आणायला टाकली, दुसरी कौलं न्यायला. तिसरी कशाला टाकली हे खुद्द मालकालाही सांगता आलं नसतं. धंदा जोरात होता, रूळ हाताशी होते, टाकली. कारखान्याचा रस्ता या तिन्हींना आडवा जातो. म्हणून तिथे फाटक, फाटकाशेजारी खोली, खोलीत माझा बाप, आणि बापामागे मी.

माझ्या लहानपणी इथे दिवसभर नुसती आदळआपट. शंटिंगचं इंजिन वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ढकलायचं, हमाल गवताच्या थरांत कौलं रचायचे, आणि धुतलेल्या कपड्यांवर कोळशाची धूळ बसते म्हणून आई मालकाच्या नावाने बोटं मोडायची. पुढे लोक घरांवर पत्रे घालू लागले. एक भट्टी विझली, मग दुसरी. शेवटची मालगाडी निघाली तेव्हा एका वाघिणीचं चाक निकामी झालं होतं. "नंतर नेऊ" म्हणाले आणि तिला तिसऱ्या सायडिंगवर सोडून गेले. आता तिच्या तळातून झाड वर आलंय, आणि तिच्यात दोरी बांधून मी कपडे वाळत घालायचे. सगळं शांत झाल्यावर आईला करमेना. "मेलं ते इंजिनच बरं होतं," म्हणायची. आधी ती गेली, मग बाप गेला.

वरच्या ऑफिसने सायडिंग तात्पुरत्या बंद केल्या होत्या. तात्पुरतं म्हणजे कुठपर्यंत, हे कुणी ठरवलं नाही. सायडिंग आहे म्हणजे गेट आहे, गेट आहे म्हणजे माणूस हवा. बापाच्या जागी मला घेतलं आणि ऑफिस मला विसरून गेलं. पगार मात्र विसरलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

माझं खरं काम एकच होतं, संध्याकाळची गाडी. सायडिंगला मेन लाइनकडे उतार आहे. एखादी वाघीण घरंगळत गाडीसमोर गेली तर अनर्थ. म्हणून गाडी जाताना गेटवालीने हिरवा झेंडा दाखवायचा, म्हणजे सायडिंगवर सगळं जागच्या जागी आहे, बिनघोर जा. शेवटच्या डब्यातून गार्डाने हिरवा दाखवायचा, म्हणजे पाहिलं. हे बापाने मला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं.

या गाडीवर बरीच वर्षं एकच गार्ड. त्याची मिशी माझ्या डोळ्यांदेखत काळ्याची पांढरी झाली, पण आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो झेंडा दाखवायचा, मी दाखवायचे, गाडी वळणाआड जायची. दिवसभरात माझ्याकडे बघून कुणी काही केलं असं तेवढंच. भाऊ अधूनमधून फोन करतो. "बरी आहेस ना?" विचारतो आणि माझं उत्तर येण्याआधी वहिनीच्या गुडघ्यांवर घसरतो. मी एकटी होते, आणि ते मला आवडत नव्हतं. संध्याकाळी झेंडा गुंडाळून आत आले की एकच प्रश्न छळायचा. त्या माणसाला मी दिसते, की नुसतं गेट दिसतं? उद्या माझ्या जागी खांबाला झेंडा बांधून ठेवला, तरी तो असाच उत्तर देऊन जाईल का?

मग एके दुपारी रेल्वेचा इन्स्पेक्टर आला. पोरगेला, घामाघूम, बोलायला गोड. म्हणाला, "बाई, सायडिंग उखडायच्या आहेत. रूळ भंगारात जाणार. तुमची बदली जंक्शनला, पार्सल ऑफिसात. उद्या संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करा."

"आणि वाघीण?"

"ती कापणार."

"झाड?"

"झाडाबद्दल वरून काही आलेलं नाही," तो म्हणाला. मला एवढा संताप आला की त्याच्यासाठी भरलेला पाण्याचा तांब्या मी स्वतःच तोंडाला लावला.

त्याने कंदील घेतला, कुलूप घेतलं, दोन्ही झेंडे घेतले. मी म्हटलं, "झेंडे आज राहू द्या. संध्याकाळी गाडीला हिरवा दाखवायचाय."

"कुठल्या गाडीला?"

"एकच तर आहे. गार्ड दाखवतो, मी दाखवते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, सायडिंग बंद झाली तेव्हाच तो नियम रद्द झाला. सगळ्या गार्डांना तसं कळवलंय. या गेटाला झेंडा दाखवायचं काही कारणच नाही."

"मग तो का दाखवतो?"

"सवय असेल," म्हणाला, आणि माझे झेंडे काखोटीला मारून चालता झाला.

सवय! मी नुसती धुमसत होते. मला हे कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे एवढी वर्षं मी कामावर होते, आणि तो माणूस? गाडीची वेळ झाली तशी मी रोजच्या जागी जाऊन उभी राहिले. हात रिकामे. रिकामे हात वर करून हलवले तर आमच्यात त्याचा अर्थ धोका होतो, त्यामुळे साधा निरोपही घेता येईना. हात मागे बांधून उभी राहिले.

इंजिन गेलं, डबे गेले. शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा बाहेर आला. मी तशीच उभी. झेंडा एकदम आत गेला, आणि चाकं किंचाळायला लागली.

गाडी थांबली. तिथे, वळणावर, जिथे माझ्या उभ्या नोकरीत कधी गाडी थांबली नव्हती. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. गार्ड खडीवर उडी मारून धावत सुटला, टोपी हातात, धाप लागलेली.

"काय झालं? वाघीण सुटली?"

"तिच्यात झाड उगवलंय. ती कुठे सुटते!"

"मग तुम्हाला काही झालंय? बरं नाही?"

"झेंडे घेऊन गेले. गेट बंद."

तो गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत राहिला. मग भडकलाच. "अहो बाई, झेंडा नसला तर एक हात आडवा हलवायचा! एवढंही विसरलात? माझ्या काळजाचं पाणी झालं ना!"

माझाही पारा चढला. "तुम्हीच ना नियम रद्द झाल्यावरही दाखवत बसलात! मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही बंद कराल," तो म्हणाला. "पुढची सगळी गेटं मशिनची झाली. त्या डब्यात मी एकटाच असतो. अख्ख्या लाइनीवर माझ्या झेंड्याला उत्तर देणाऱ्या तेवढ्या तुम्ही."

मला भरून आलं. पुढून इंजिनाने शिटीवर शिटी फुंकली.

"आता ड्रायव्हरला काय सांगाल?" एवढंच मी विचारलं.

"सायडिंगवर काहीतरी हललं म्हणून सांगतो." तो निघाला, चार पावलांवर वळला. "उद्या असाल?"

मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन मी त्याच गाडीने निघाले. तो मागे पार्सलं चढवत होता. त्याच्यासमोर जायला मला उगाच संकोच वाटला, आणि मी मुद्दाम इंजिनाजवळच्या डब्यात चढले. त्याने मला पाहिलं नाही. खिडकी मात्र मी सायडिंगच्या बाजूची धरली.

गाडी वळणाला लागली. माझी खोली गेली, दाराला कुलूप नव्हतं. वाघीण गेली. दोरी सोडायची राहिली होती, ती तशीच लोंबत होती. गेटाजवळ कुणी नव्हतं. गेट गाडीतून एवढंसं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

वळणामुळे मागचे डबे खिडकीतून दिसू लागले. मी डोकं बाहेर काढलं. गार्डाचा डबा गेटासमोर आला आणि हिरवा झेंडा बाहेर आला. रिकाम्या गेटाकडे तोंड करून तो झेंडा तसाच धरून राहिला. रोज धरायचा त्याहून कितीतरी जास्त वेळ. गेट मागे पडलं तरी मान वळवून तिकडेच बघत होता. मग झेंडा हळूहळू खाली गेला.

मी खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि आडवा हलवला. शेजारची बाई म्हणाली, "अहो, हात आत घ्या, खांब लागेल." मी घेतला नाही. तो अजून गेटाकडेच बघत होता. मी हलवत राहिले.

त्याने मान पुढे वळवली. खाली गेलेला झेंडा पुन्हा बाहेर आला.