डागाला शिस्त नसते

“बाई, वर तीन वॉर्ड चादरींसाठी खोळंबलेत, आणि तुमच्या माणसानं अख्खा गठ्ठा पुन्हा धुवायला टाकलाय.”

मुकादमांनी दाखवलं तिकडे बाईंनी पाहिलं. इस्पितळाच्या धुलाईघरातलं धुवायच्या कपड्यांचं मोठं पिंप चादरींनी ओसंडत होतं आणि घडीचं टेबल रिकामं पडलं होतं. पिंपाशेजारी दादा उभा होता. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

“मावशी, ऐंशी होत्या,” तो म्हणाला. “ऐंशीच्या ऐंशी खराब. मी एकही सुटू दिली नाही.”

बाईंनी एक चादर ओढून काढली. नवी कोरी. फक्त काठाला बोटभर रुंदीची फिकट निळी पट्टी.

दादा बेचाळीस वर्षांचा होता. त्याला गोष्ट उशिरा कळायची, पण एकदा कळली की दगडावरची रेघ. आजवर त्याच्यापर्यंत काम कधी आलंच नव्हतं. थोरली बहीण त्याला चार ठिकाणी घेऊन गेली होती. चारही ठिकाणी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि ‘कळवतो’ म्हणून वाटेला लावलं. शेवटी ती बाईंकडे आली. अशा माणसांना काम मिळवून द्यायचं आणि ते टिकवून द्यायचं, हेच बाईंचं काम होतं.

त्यांची रीत न्यारी होती. आधी चार दिवस स्वतः ते काम करायचं, मग शिकवायचं. पहिल्या दिवशी त्याच्या कोपराला कोपर लावून उभं राहायचं, आणि पुढे दर दोन दिवसांनी एक फरशी मागे सरकायचं. धुलाईघरातल्या बायका हसायच्या. “उलट्या पावलांच्या बाई आल्या गं, पाय बघून घ्या एकदा.” बाईही हसायच्या आणि आणखी एक फरशी मागे जायच्या.

आज चाचणीचा शेवटचा दिवस. दुपारी दोनला मुकादम कागदावर हो की नाही लिहिणार होते. बाई मागे सरकत सरकत दारापर्यंत पोहोचल्या होत्या. तिथून काठावरची पट्टी दिसली नव्हती.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “पांढऱ्यावर काहीही दिसलं की पिंपात, असं मीच शिकवलं.”

“चूक कुणाची का असेना. उद्या हिरव्या पट्टीच्या आल्या तर? तुम्ही काय जन्मभर दारात उभ्या राहणार?”

बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. ‘निळी पट्टी चालते’ एवढं सांगितलं असतं तर वेळ निभावली असती. पण मग हिरवी आली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बाईंनी टेबलावर एक नवी चादर पसरली, आणि तिच्याशेजारी औषधाचा पिवळा डाग पडलेली एक जुनी.

“दादा, दोन्ही नीट बघ. घाई नाही.”

“घाई आहे,” मुकादम पुटपुटले.

दादानं पट्टीवरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पिंपातून दुसरी नवी चादर काढली आणि तिच्यावरून फिरवलं. मग तिसरी. बाईंची जीभ वळवळत होती. त्यांनी ती दाताखाली धरून ठेवली. बोलणं सोपं असतं, गप्प राहायलाच जोर लागतो. यंत्रावरच्या बायकाही हातातलं काम टाकून बघत होत्या.

चौथ्या चादरीवर दादाचं बोट थांबलं.

“मावशी, हा इथंच आहे. तोही इथंच होता. सगळे इथंच.” त्यानं जुनी चादर जवळ ओढली. “डाग असा रांगेत बसत नाही. डागाला शिस्त नसते.”

“मग हे काय आहे?”

“हे त्यांनी मुद्दाम केलंय.” तो मुकादमांकडे वळला. “साहेब, मला आधी का नाही सांगितलं?”

मुकादमांनी कान खाजवला. नव्या चादरी येणार हे त्यांनी आदल्या दिवशीच चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. घडीच्या टेबलाशी जाऊन दादाला सांगावं, हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

“राहिलं खरं,” ते म्हणाले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. “चला, हात चालवा.”

आणि हात असे चालले की बघत राहावं. पिंप कोरडं होतं, हे नशीब. दादा उलगडायचा, बघायचा, झटकायचा, घडी घालायचा. परीटघडी म्हणजे अशी, की काठावर बोट कापेल. बाईंचे पाय टेबलाकडे ओढ घेत होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. वीस झाल्या, चाळीस झाल्या. समोर मुकादमही घड्या रचत होते. दादानं मधेच त्यांच्या ढिगातली एक चादर उपसली आणि पिंपात भिरकावली.

“अरे, नवी आहे ती.”

“कोपऱ्यात वंगण लागलंय. त्याला शिस्त नाही.”

मुकादमांनी चादर काढून उजेडात धरली. नखाएवढा काळा ठिपका होता. सगळं धुलाईघर खो खो हसलं, आणि सगळ्यांत शेवटी मुकादमही.

दोन वाजायच्या आधीच चादरींची गाडी वर गेली. मुकादमांनी घामेजल्या हातानंच कागदावर सही ठोकली. “बाई, नवीन काही आलं की पहिल्यांदा याला सांगायचं, ते माझ्याकडे लागलं. तुम्ही उद्यापासून नाही आलात तरी चालेल.”

पाच आठवडे बाई याच वाक्यासाठी झटत होत्या. ते ऐकल्यावर हातांचं काय करावं हेच त्यांना कळेना. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

“दादा, येते मी.”

“हो,” तो चादरीतून मान वर न काढता म्हणाला. “दार ओढून घे, धूळ येते.”

बाईंनी दार ओढून घेतलं. पायरी उतरतात न उतरतात तोच फोन वाजला. दादाची बहीण होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नसावा, असा आवाज.

“बाई, काय करतोय तो? जेवला का?”

“मला काय ठाऊक, ताई. मी बाहेर आहे.”

तिनं हळूच विचारलं, “आणि तो?”

“आत.”