तुळसाचा चहा

बार्शीटाकळीच्या गावकुसाबाहेर मिशनरी हॅरिससाहेब महिनाभर तुळसाच्या नवऱ्याचा ताप उतरवायला झटला होता. देवापुढं सगळे सारखे, हे तिला शिकवताना त्याची मराठी अडखळायची, मन नाही. नवरा उठून बसला त्या दिवशी तुळसानं गुळाचा चहा केला आणि घरातला एकुलता एक, कान तुटलेला कप पुढं केला.

साहेब ओशाळला. त्याच्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथात चहा वर्ज्य होता.

"बाई, माझ्या धर्मात चालत नाही."

"गावातले बामनबी असंच म्हनते," तुळसा म्हणाली. "फक्त ते सांगाले आमच्या घरात येत नाही."

साहेबानं घाईनं तिच्या हातचं पाणी मागितलं.

"हे तहानेचं नाही, साहेब, लाजेचं पानी हाये."

आणि तिनं चहाचा कप नवऱ्याच्या हातात दिला.