वस्तादांचा शब्द

जोतीराम वस्तादांनी पैलवान पारखताना आयुष्यात एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि आज ते सकाळच्या एस.टी.नं सांगलीहून आष्ट्याला निघाले होते, ते खोटं बोलायलाच. मांडीवर दुधाची रिकामी किटली होती. खिशात त्यांचा पलटणीतला दोस्त नाथाजी याचं कार्ड होतं : 'आमच्या लालासाहेबाला आता कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत घालायचा का, ते तूच येऊन सांग. तू म्हणशील ती पूर्वदिशा.'

पूर्वदिशा म्हणे! ते कार्ड आल्यापासून वस्तादांना अन्न गोड लागत नव्हतं.

वस्तादांची पारख म्हणजे दगडावरची रेघ. गावोगावचे लोक पोरं घेऊन त्यांच्या तालमीत यायचे. वस्ताद छाती बघायचे नाहीत, दंडाला हात लावायचे नाहीत. 'मांस काय, बैलालाबी असतंय,' म्हणायचे. पोराला दोन कुस्त्या खेळायला लावायचे आणि पडल्यावर तो कसा उठतो, तेवढं बघायचे. मातीकडं रागानं बघत उठला, तर ठेवून घ्यायचा. पंचाशी भांडला, तर महिनाभर वाट बघायची. आणि हसत उठून जिंकणाऱ्याचीच पाठ झाडायला लागला, तर त्याला पोटभर जेवू घालून संध्याकाळच्या गाडीनं घरी धाडायचं. साताऱ्याकडची दोन हडकुळी पोरं त्यांनी अशीच निवडली, तेव्हा सगळी सांगली हसली होती. पुढं त्याच पोरांनी कोल्हापुरात मैदानं मारली.

लालासाहेब गेली दोन वर्षं त्यांच्या तालमीत होता. वय एकवीस. मान, खांदे, मोडलेले कान, सगळं फोटो काढून भिंतीवर लावावं असं. पण पहिल्याच महिन्यात तो एकदा पडला, हसत उठला आणि समोरच्याची पाठ झाडू लागला. पुढं तर कहरच. जोडीदार नुसता 'आई गं' म्हणाला, की याची पकड ढिली. दुसरा कुणी असता, तर त्याच संध्याकाळी घरी गेला असता.

पण तो नाथाजीचा मुलगा होता. पासष्टच्या लढाईत वस्तादांच्या मांडीत गोळी घुसली, तेव्हा नाथाजीनं त्यांना पाठीवर घेऊन दीड कोस वाट तुडवली होती. तोच नाथाजी आता रोज उजाडायच्या आत म्हशीची धार काढून, दुधाची किटली पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरकडं देत होता. दोन वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. एकदा गाडी बंद होती, तर नाथाजी स्वतः सायकलवरून दूध घेऊन सांगलीला आला. अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाबा रे, तुझं दूध पालथ्या घड्यावर गेलं? खरं बोलावं तर दोस्ती जाते, खोटं बोलावं तर पोराची आणखी चार वर्षं मातीत जातात. वस्तादांनी दोस्ती धरायचं ठरवलं होतं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

घरी जंगी तयारी होती. नाथाजी फेटा बांधून सोप्यात बसला होता. लालासाहेब आदल्या दिवशीच आला होता. तो खांबाला टेकून उभा होता, नजर जमिनीत. मटणाचा वास आळीभर सुटला होता, पण जेवणाआधी निकाल हवा, असं नाथाजीचं म्हणणं.

"बोल जोत्या," तो म्हणाला. "आडपडदा नको."

वस्तादांनी घसा खाकरला. एस.टी.त घोकलेलं वाक्य जिभेवर आणलं. "नाथ्या, पोरगं तसं..."

तेवढ्यात बनुबाई, नाथाजीची बायको, दुधाचा भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिनं तो लेकापुढं धरला. पैलवानानं त्या तांब्याकडं बघितलं. एरंडेल पुढं धरल्यावर लहान पोर बघतं ना, तसं. मग डोळे मिटून तांब्या तोंडाला लावायला लागला.

वस्तादांना ते बघवेना. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं.

"वहिनी, घ्या त्यो तांब्या माघारी," ते म्हणाले. "नाथ्या, तुजा पोरगा पैलवान हुणार न्हाई. कोल्हापुरात न्हाई, सांगलीत न्हाई, आष्ट्याच्या जत्रंतबी न्हाई. लय गुणी हाय. पण दुसऱ्याला दुखलं की ह्येच्या डोळ्यांत पानी येतंय. मला पयल्या महिन्यातच कळलं हुतं. सांगायचं धाडस झालं न्हाई. चूक माझी. काय शिव्या द्यायच्या त्या मला दे."

नाथाजीनं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. वस्ताद मान खाली घालून बसले. दीड कोसाची ती पाठ आता कायमची फिरणार, असं ते धरून चालले.

"खरंच न्हाई हुणार?" नाथाजीनं विचारलं.

"न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

"सुटलो रं देवा!" नाथाजी असा ओरडला, की गोठ्यातली म्हैस हंबरली. "दोन वर्सं! थंडी न्हाई, पाऊस न्हाई, कंबर धरली तरी धार काढून स्टँडवर पळतूय. मला काय दिसत नव्हतं व्हय? गेल्या जत्रंत ह्यो पडला तवा त्या गड्याला पानी द्याया धावला!"

वस्तादांनी आ वासला. "मग कवाच का थांबला न्हाईस?"

"कसा थांबू? तुजा शब्द हुता न्हवं!"

"माजा? कवा?"

"ह्येच्या बारशाला. तू रजेवर आलावतास. पाळण्यात वाकून मनगट धरलंस आन् म्हनलास, 'नाथ्या, ह्यो पैलवान हुतोय बघ.' पलटणीत सुभेदार तुज्या शब्दावर गडी निवडायचा. मी म्हनलं, जोत्याला दिसलं म्हंजी हाय. आपुन कोन मोडनार?"

वस्तादांना ते बारसं आठवलं. हातावर घुगऱ्या ठेवलेल्या, बायका हसत होत्या, पोर मुठी आवळून रडत होतं. बारशाला गेलेला माणूस आणखी काय म्हणतो? कुणी कलेक्टर म्हणतो, कुणी पैलवान. पण वस्ताद म्हणाले होते, म्हणून या घरानं एकवीस वर्षं ते जपलं होतं. उभ्या आयुष्यातली त्यांची एकच पारख चुकली होती, आणि ती त्यांनी केलीय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"आन् तू रं?" त्यांनी लालासाहेबाला विचारलं. "तू का बोलला न्हाईस?"

"आबास्नी वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. मग त्यानं सदऱ्यातून घडी घालून घालून मऊ झालेलं एक पाकीट काढलं. रोज स्टँडवर किटली उतरवून घेता घेता त्याची कंडक्टरांशी दोस्ती झाली होती, त्यांनीच त्याचा कंडक्टरच्या नोकरीचा अर्ज भरला होता. एस.टी.चं बोलावणं येऊन महिना झाला होता. तारीख पुढच्या सोमवारची होती.

बनुबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआड हसायला लागली. "काय खानार माज्या वाघा? सांग. काय करू?"

"आई," पैलवान दबकत म्हणाला, "च्या कर. साखर जास्त."

सगळे इतके हसले, की शेजारची रंगूबाई काय झालं बघायला आली. कडेवर चार महिन्यांचा नातू, चांगला बाळसेदार. वस्तादांना बघताच तिचा चेहरा उजळला. तिनं पोराचा गुबगुबीत हात पुढं केला.

"आवं वस्ताद, बरं झालं गावलासा. जरा मनगट बघा की. काय हुईल ह्यो?"

वस्तादांनी दोन्ही हात झटकन पाठीमागं बांधले.

"लेकरू हाय, मावशी," ते म्हणाले. "मला तेवढंच दिसतंय."