बिब्बा पाजलेली अंबाडी

“ह्ये बघ बायना, तुझ्या अंबाडीचं पीठ झालंय.” गुरुसिद्धप्पा मिस्त्रीनं फोडलेल्या सिमेंटमधून धागा ओढला. तो बोटातच चुरला.

लढाईमुळं सळई मिळेना. वालूरला बायनाच्या वस्तीला पाण्याचा हौद मंजूर झाला, तोही मोजक्या सिमेंटवर. सळईऐवजी अंबाडीच्या धाग्यांचा वाख घालू, असं बायनाबाईनंच सुचवलं होतं. दोर वळता वळता तिची उमर सरली होती. आधी नमुन्यादाखल केलेली ही छोटी द्रोणी एका पावसाळ्यातच तडकली. हौदाचं असंच झालं तर दुसरं सिमेंट येणार नव्हतं. बायांच्या कपाळी नदीतला झराच राहणार होता.

“दोरवालीचं ऐकून हौद बांधायलेत!” शेजारचा सटवाजी हसला. “उद्या म्हनल, सुतळीनं आभाळ बांधा.”

बायनाबाई मिस्त्रीच्या गळपट्टीकडं बघत होती.

“अण्णा, सदरा किती वरसाचा?”

“सात. का गं?”

“परटाच्या भट्टीत खारात उकळून कापड इरलं, पर बिब्ब्याचं निशाण तसंच हाय. सिमेंटातला चुनाच खायलाय न्हवं अंबाडीला? मग तिला बिब्बा पाजू.”

“खुळी हाईस का? हात सोलून निघतील.”

“हात माझेच हायेत.”

तिनं अंबाडी पुन्हा कुजवली, बुळबुळ जाईस्तोवर धुतली, वाळवून विंचरली. कोपरापर्यंत गोडंतेल चोळून कोमट बिब्ब्याचं तेल तिच्या एकेका बटेत मुरवलं. तरी हात टरारून फुगले. पंधरा दिवस शेजारच्या नागुबाईनं तिला घास भरवला.

नवी द्रोणी नऊ महिने ओलीत ठेवली. मग मिस्त्रीनं घण घातला. आतला काळाभोर धागा दोन्ही मुठींना गुंडाळून त्यानं हिसका दिला. पुन्हा दिला. मुठी लाल झाल्या, धागा तुटला नाही.

“बायनाबाई,” तो म्हणाला. आजवर त्यानं तिला बाई म्हटलं नव्हतं. “हौदाला मणभर लागल. हात पुन्हा जातील.”

“जाऊ द्या. येतेत माघारी.”

चैतात हौद काठोकाठ भरला. बाया घागरी घेऊन धावल्या. सटवाजी मात्र वाकून वाकून भेग धुंडाळत होता. बायनाबाईच्या बिब्ब्यानं भाजलेल्या तळहातांना आता ओलंकोरडं कळत नव्हतं. तिनं हौदाला पाठ टेकली अन् भिंतीला घासत हळूहळू सरकत पुरी फेरी घातली.

“नागू,” ती पाठमोरी उभी राहिली, “बघ गं, चोळी कुठं ओली लागती का?”

नागुबाईनं पाठीवरून हात फिरवला. खालपासून वरपर्यंत.

“न्हाई गं माय. कोरडी हाय.”