कर्णेबुवाची पेटी आणि पाटलाची बकरी

दाभोसा पाड्याच्या पटांगणात त्या दिवशी एवढी माणसं लोटली, की उंबरावर चढून बसलेल्यांना खाली उतरायला जागा उरली नाही. जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं. मुंबईत रेडिओ गात होता, पण या डोंगरांना त्याची खबर नव्हती.

मधोमध कर्णेबुवा. पुढं चार हातांवर लाकडी पेटी, तिच्यातून वर आलेली पितळी काठी आणि घोड्याच्या तोंडाएवढा कर्णा. पेटी एका सुरात गुणगुणत होती.

"देव बारा योजनांवरून बोलतोय," बुवा म्हणाला. "भुताळीण जवळ आली की तो ओरडतो. मी नुसता पेटी वाहणारा हमाल."

एवढं एकच तो खरं बोलला.

तापानं पाड्यातली तीन पोरं गेली होती. सगळ्यांची बोटं कोंडीकडे वळली. तिला नवरा नव्हता, तोंड मात्र होतं. देव ओरडला, तर दिवस मावळायच्या आत तिची झोपडी जळणार आणि ती शिवेबाहेर.

पहिला मान नवसू पाटलाचा. त्यानं रिवाजाप्रमाणे देवापासून सात पावलांवर वहाणा काढून हात जोडले. पेटी आपली गुणगुणत राहिली. मग दोघांनी कोंडीला दंडाला धरून थेट काठीपर्यंत रेटलं. कर्णा असा किंचाळला, की उंबरावरची दोन माणसं खाली पडली आणि ओढ्यातले खेकडे जव्हारच्या वाटेला लागले.

"भुताळीण," लोक पुटपुटले.

कोंडीचे कान मात्र शाबूत होते. ती हिसका देऊन मागं सरली. सूर उतरला. हात पुढं केला, सूर चढला. वीतभर पुढं, तर थोडा चढला. हातभर पुढं, तर पार आभाळात.

"नवसूबाबा, जरा इकडं या."

"मी? देवाच्या अंगाशी?"

"मला रेटलं तेव्हा चाललं. पाटील नाय चालत?"

पाटील हलला नाही. तेव्हा कोंडीनं गर्दीच्या कडेला चरणारी त्याचीच बकरी कान धरून काठीपाशी आणली. कर्णा पुन्हा किंचाळला.

"ही बी भुताळीण," कोंडी म्हणाली. "हिचं दूध कोण पितं, बाबा?"

हसू फुटलं. बुवा पेटी उचलायला दोन्ही हात पसरून धावला, आणि देव त्याच्यावरच सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

शाळेचे देवजी मास्तर गर्दीतून पुढं आले. त्यांनी झाकण उघडलं. आत दोन काचेचे दिवे, तारेची वेटोळी, बॅटरी.

"यात दोन सूर झगडतात, तीच गुणगुण," ते म्हणाले. "एक जागचा हलत नाही. दुसरा या काठीशी बांधलाय. कुठलंही अंग जवळ आलं की तो ढळतो. जितकं जवळ, तितका जास्त. पाप-पुण्य त्याला कळत नाही. अंतर तेवढं कळतं."

"अन् पोरं?" कुणीतरी विचारलं.

"पोरं तापानं गेली," कोंडी म्हणाली. "औषध जव्हारच्या दवाखान्यात होतं. तुम्ही पेटी आणलीत."

कोंडी आपल्या झोपडीत गेली आणि तिनं चूल पेटवली.

तेव्हा बाबांनो, देव ओरडला म्हणून कुणाचं घर जाळायला निघालात, तर हात जोडून लांब थांबू नका. आधी स्वतः सात पावलं पुढं जाऊन बघा.